प्रतिनिधीसाहेब, तबल्यावर कोण होतं?

मा. सांस्कृतिक प्रतिनिधी यांस,
मुक्काम : जिथे व्हॉट्सअ‍ॅपला रेंज असेल तिथे.



परवाच्या मैफलीचा आपला वृत्तांत वाचला आणि अभिनंदन केल्यावाचून राहवेना. ‘पुरिया धनाश्रीच्या सुरांत रसिक चिंब’ हा मथळा झकासच. मीही त्या मैफलीला होतो. चिंब सोडा, साधा दमटही झालो नाही, कारण पुरिया धनाश्री कुणी गायलंच नाही. कार्यक्रम साडेसहाचा होता. दीपप्रज्वलन झालं, समई पंख्याच्या वाऱ्याने विझली म्हणून पुन्हा झालं. शाली झाल्या, श्रीफळं झाली. प्रमुख पाहुण्यांनी ‘मला गाण्यातलं काही कळत नाही’ असं प्रांजळपणे सांगितलं आणि त्या न कळण्यावर ते भरपूर बोलले. गाणं सुरू झालं तेव्हा आठ वाजून गेले होते. तिन्हीसांजेचा राग गाण्याची वेळ केव्हाच टळली होती. गाणाऱ्या बाईंनी काही न बोलता तंबोरे पुन्हा लावून घेतले आणि बिहाग मांडला.

आपण मात्र पुरिया धनाश्रीवर ठाम राहिलात, कारण प्रेसनोटमध्ये तो होता. दुपारी चारला येणाऱ्या त्या प्रेसनोटचं मला फार अप्रूप आहे. संध्याकाळची मैफल तिच्यात उत्तरोत्तर रंगून संपलेली असते. टाळ्यांचा कडकडाट झालेला असतो, रसिकांनी ‘वन्स मोअर’ दिलेला असतो, आभारप्रदर्शनही उरकलेलं असतं. सगळं भूतकाळात! भविष्य इतक्या आत्मविश्वासाने सांगणारे लोक एकेकाळी देवळाबाहेर पोपट घेऊन बसत.

आपल्या वृत्तांतात तबल्यावर ज्यांचं नाव छापलं आहे ते सद्गृहस्थ त्या वेळी खंडाळ्याच्या घाटात वाहतुकीत अडकले होते. तबल्यावर बसला होता इथलाच, ऐनवेळी फोन करून बोलावलेला एक पोरगा. मोठ्या गायिकेबरोबर पहिल्यांदाच बसत असावा. बायाँवर पावडर लावताना हात जरा जास्तच वेळ फिरत होता. विलंबित एकतालाची पहिली आवर्तनं त्याने फक्त ठेका धरला, एकही बोल आगाऊ नाही. बाईंनी मान वळवून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पंजा किंचित खाली केला : असाच राहू दे. मग द्रुतात त्यांनीच त्याला जागा दिली. त्याने एक छोटासा तुकडा वाजवून समेवर नेमका आणून सोडला आणि हसू लपवायला खाली बघत राहिला. साहेब, त्या संध्याकाळची बातमी ही होती. ती चुकवून आपण प्रमुख पाहुण्यांची पदं मात्र बिनचूक छापलीत, तिन्हीच्या तिन्ही.

फोटोबद्दलही लिहायचं राहील म्हणून आत्ताच लिहितो. बाईंच्या मागे दोन मुली तंबोऱ्यावर होत्या. एकीचा चेहरा पुणेरी पगडीआड गेला आहे, दुसरीचा नुसता हात आला आहे. त्यांची नावं छापायची आपल्याकडे पद्धत नाही, ठीक आहे. पण त्या तंबोऱ्याबद्दल तरी कधी कुणाला काही विचारावंसं वाटलं का? 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ‘मिरजेच्या शिरपेचात मानाचा तुरा’ अशी आपली चौकट मी वाचली. चौकटीत तुरा होता, तंबोरा नव्हता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन बसलात तर दिसेल की तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो, आणि या कारागिरांच्या पूर्वजांचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावायचा होता. तंबोऱ्याचा प्राण म्हणजे जवारी. घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा की तार त्यावर नुसती टेकावी आणि लांबवर गुंजत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. केसभर पुढे गेला तर आवाज बंद, केसभर मागे आला तर खरखर. बोट आणि कान यांच्याखेरीज मोजायला काही साधन नाही. आता मोबाइलमधला तंबोरा फुकट वाजतो. मग नवे तंबोरे घेतं कोण, जवारी काढायला गल्लीत नवी पोरं बसतात का, हे प्रश्न प्रेसनोटमध्ये नसतात. कानशीची प्रेसनोट निघत नाही.

मागच्या रांगेचं आपल्याला वावडं आहे असं मी म्हणतो ते उगाच नाही. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि ईस्टर एगमधून निघालेल्या अमिताभने आपलं नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचं सगळ्या देशाला नाचून सांगितलं. लग्नांत, गणपतीत, गॅदरिंगमध्ये त्या नावावर पिढ्या नाचल्या. सिनेमावर हजारो रकाने लिहिले गेले. हे नाव आलं कुठून, असं मनात येणारे किती निघाले? हा माणूस खरा होता. गोव्यात माजोर्ड्याला जन्मलेला, मुंबईच्या सिनेसंगीतात व्हायोलिन वाजवणारा, वाद्यवृंदाची रचना करणारा आणि व्हायोलिन शिकवणारा. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घालून दक्षिणा दिली. आपल्या दृष्टीने ते एक धमाल गाणं होतं, बस्स.

पत्रकार नरेश फर्नांडिस यांना मात्र हा प्रश्न पडला आणि त्याने त्यांना सोडलं नाही. त्या काळातल्या गोवेकर वादकांना ते शोधत गेले, त्यांच्या घरी बसून बोलले, जुने फोटो पाहिले. एका नावामागे अख्खी वसाहत निघाली. गोव्यात चर्चच्या शाळांत पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. तीच पोरं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत जात. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. ती ऐकून व्हायोलिनने काय वाजवायचं, ट्रम्पेट कुठे शिरायचा, चेलोने खालून काय धरायचं हे कागदावर उतरवणारे हे लोक. पडद्यावर नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून. गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा करून हिंदुस्थानी रागांवरच्या आपल्या रचना मुंबईत सादर केल्या. पुढे ते अमेरिकेला गेले आणि मग परतून गोव्यात शांतपणे राहिले. गाणं वाजतच होतं. फर्नांडिस यांचं मुंबईच्या जॅझवरचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ 2012 साली पुस्तकरूपात आलं. त्याआधी, 2008 मध्ये, ग्रेगरी बूथ या संशोधकाने याच स्टुडिओंतल्या वादकांच्या तपशीलवार मुलाखतींवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. परदेशातून माणूस येतो आणि आपल्या दादर-माहीमच्या म्हाताऱ्या वादकांना विचारतो की त्या गाण्यात अ‍ॅकॉर्डियन कुणी वाजवलं होतं. आपलं ऑफिस कुठे आहे म्हणालात?

आता आपण पगाराचं काढाल. काढा, त्यात तथ्य आहे. सकाळी पाणीटंचाईचा मोर्चा, दुपारी पत्रकार परिषद, संध्याकाळी एकाच वेळी चार कार्यक्रम, वर ऑनलाइनसाठी व्हिडिओ. अशा माणसाने बिहाग आणि पुरिया धनाश्री वेगळे ओळखावेत ही अपेक्षा क्रूरच आहे, आणि त्याला तसं पळवणारा मालक आपल्याहून मोठा गुन्हेगार आहे. त्यालाही लिहिणार आहे, पण तो मराठी वाचत नाही.

तरीसुद्धा एक सांगतो. वामनराव देशपांडे हे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या आणि संध्याकाळी गाणं. सुरेशबाबू माने, मोगूबाई कुर्डीकर यांच्यापुढे बसून ते शिकले. त्यांना एक साधा प्रश्न छळत होता : किराण्याचं गाणं आणि आग्र्याचं गाणं, दोन्ही ख्यालच, मग ऐकताना दोन वेगळ्या देशांतून आल्यासारखं का वाटतं? ‘आपापली आवड’ म्हणून त्यांनी सोडून दिलं नाही. स्वराकडे कोण किती झुकतं आणि लयीकडे कोण किती, या एका मापावर त्यांनी घराणी मांडून पाहिली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या बाजूला, जयपूर दोन्हींचा तोल सांभाळून. 1961 साली त्यांचं ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक आलं. लोक त्याच्याशी भांडले, अजूनही भांडतात. एका हिशेबनिसाच्या कुतूहलाने गवयांना सहा दशकं वादात गुंतवून ठेवलं. त्याच्याही आधी केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने नामांकित गवयांच्या गाण्यावर लिहीत. कुठे गळा कमी पडला, कुठे बुद्धी, हे नाव घेऊन. स्वतः संगीतकार, उद्या याच मंडळींबरोबर उठणं-बसणं, तरी लिहीत. आणि प्रा. बी. आर. देवधर! स्वतःचं संगीत विद्यालय चालवायचं, कुमार गंधर्वांसारखा विद्यार्थी घडवायचा आणि उरलेल्या वेळात ‘संगीत कला विहार’ मासिक संपादायचं. त्यांच्या ‘थोर संगीतकार’मध्ये दरबारी बुजुर्ग आहेत, तसे मुंबईत फकिरासारखे वावरणारे शिंदेखाँही आहेत. अशा माणसाला कुठली संस्था शाल घालणार? देवधर मात्र त्याच्याकडून शिकले आणि त्याच्यावर लिहूनही गेले.

यातल्या कुणाला प्रेसनोट आली नव्हती. पासही बहुधा विकत घेतला असेल.

हल्ली आपण चिंतेत असता असं ऐकतो. ऑफिसात नवं यंत्र आलं आहे. प्रेसनोट दिली की क्षणात वृत्तांत देतं, तोही शुद्धलेखनासह. ‘ए.आय.ने आमच्या पोटावर पाय दिला’ असं आपण चहाच्या टपरीवर म्हणालात म्हणे. साहेब, रागावू नका, पण यंत्राला शिकवलं कुणी? आपण वर्षानुवर्षं ‘स्वरवर्षाव’, ‘शब्दसुरांची मेजवानी’, ‘रसिक मंत्रमुग्ध’ एवढ्या तीन विटांवर घर बांधलंत. यंत्राने त्या विटा उचलल्या आणि आपल्यापेक्षा भरभर रचल्या. गेली नोकरी ती मैफलीला जाणाऱ्याची नव्हे, न जाणाऱ्याची.

जो मैफलीला जातो त्याच्या कामात यंत्राची गोची होते. यंत्राला आधी कुणीतरी लिहिलेलं, कुणीतरी ऐकलेलं लागतं. शिफारस करणारी ती ॲपं म्हणतात, ‘हे ऐकणाऱ्यांनी तेही ऐकलं.’ आणि जे कुणीच ऐकलं नाही ते? मुंबईच्या चरणजित सिंग यांचीच गोष्ट घ्या. हेही मागच्या रांगेतलेच, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे. 1982 मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले आणि एच.एम.व्ही.ने ती तबकडी काढली. खपली नाही. विषय संपला. वीस वर्षांनी एडो बाउमन नावाचा डच संग्राहक दिल्लीत जुन्या तबकड्या चाळत होता, त्याच्या हाती ती लागली. ऐकून तो चक्रावला, कारण ही धून शिकागोच्या क्लबांतून 1987च्या सुमारास जन्मलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’सारखी वाजत होती, आणि वर साल होतं 1982. शोधत शोधत तो मुंबईत त्या माणसापर्यंत पोचला आणि 2010 मध्ये तबकडी पुन्हा निघाली. उतारवयातल्या सिंगसाहेबांना युरोपातून बोलावणी आली. तरुण पोरं त्यांच्या भैरवावर नाचली. 2015 मध्ये ते गेले. त्यांच्या हयातीत आपल्या पानावर ते कितीदा आले? त्यांच्या इमारतीखालून आपण रोज जात असाल, त्यात गैर काही नाही. चटका लावणारी गोष्ट ही की एका डच माणसाला तबकडीवरची तारीख बघून ‘अरे, हे कसं काय?’ असं वाटलं.

उलट बाजूही बघा. 2025च्या उन्हाळ्यात ‘द वेल्व्हेट सनडाउन’ नावाचा एक बँड अवतरला आणि बघता बघता स्पॉटिफायवर त्याचे महिन्याचे श्रोते दहा लाखांच्या पुढे गेले. काही चिकित्सक श्रोत्यांना आणि पत्रकारांना शंका आली. यांना कुणी वाजवताना पाहिलंय का? फोटोतली बोटं अशी का दिसतात? मुलाखत कुठेच कशी नाही? शेवटी त्यांनाच कबूल करावं लागलं की गाणी आणि चेहरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने तयार केलेत. त्यांनी आपल्याकडे प्रेसनोट पाठवली असती तर चौघांनी दीपप्रज्वलन केल्याचंही आपण छापलं असतंत.

परदेशातही सगळं आलबेल आहे असं नाही. अमेरिकेत एका रेकॉर्डच्या दुकानातल्या पोराने 1996 मध्ये सुरू केलेलं संगीतसमीक्षेचं संकेतस्थळ पिचफोर्क बड्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतलं आणि जानेवारी 2024 मध्ये पुरुषांच्या फॅशन मासिकाच्या हाताखाली दिलं, लोकांना नारळ दिला. म्हणजे संगीत आता कॉलरच्या मापाजवळ मिळेल. लंडनचं ‘द वायर’ मासिक मात्र 2000 साली तिथल्या कर्मचाऱ्यांनीच मालकाकडून विकत घेतलं, आणि कुणी नाव न ऐकलेल्या वादकांवर पानंच्या पानं छापत ते अजून चाललं आहे. आपल्याला कुणी पेपर विकत घ्या म्हणत नाही. तिकीट घ्या, एवढंच.

आता केसरबाई. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला आपण ‘अंतराळात पोचलेला गोव्याचा सूर’ ही चौकट छापता. मजकूर तोच, फोटोही तोच. 1977च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हॉयेजर यानं सुटली, त्यातल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आहे, साडेतीन मिनिटांची. हे खरंच आहे. पण ती तिथे पोचली कशी? कार्ल सेगनच्या चमूकडे जगभरचं संगीत निवडायला वेळ थोडा होता. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने हट्ट धरला की भारतातून हीच चीज हवी. पण तबकडी बाजारात मिळेना. मग चमूतल्या ॲन ड्रुयान न्यूयॉर्कभर हिंडल्या. शेवटी लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात त्या प्रती सापडल्या. ज्या बाई ध्वनिमुद्रणाला सहज राजी होत नसत, त्यांचा आवाज आंतरतारकीय अवकाशात गेला तो एकाचा हट्ट आणि दुसरीची पायपीट यांच्या जोरावर. दुकानात ‘नाही’ ऐकून ड्रुयान परत फिरल्या असत्या तर आपल्याला दरवर्षीची चौकट कुठून मिळाली असती?

यंदाच्या चौकटीत ते खोकं घाला, अशी विनंती. चार ओळी वाढतील. प्रमुख पाहुण्यांचं एखादं पद कमी करा.

आणि येत्या शनिवारी या. त्याच सभागृहात, तोच तबल्याचा पोरगा या वेळी एकल वाजवणार आहे. संस्था लहान आहे. पाहुणे नाहीत, समई नाही, प्रेसनोट काढायला माणूसही नाही. प्रवेशमूल्य दोनशे रुपये. पावती मिळते, ऑफिसात लावून बघा. लेहऱ्याला पेटीवर कोण आहे हे मलाही माहीत नाही. मध्यंतरात आपण दोघं जाऊन विचारू.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
तिकीट काढून बसलेला एक श्रोता

ता.क. पत्र लांबलं आहे. जागेअभावी आपण मजकूर नेहमी खालून कापता आणि साथीदारांची ओळ दर वेळी त्यातच जाते, याची कल्पना असल्यामुळे तबलजीची हकिकत मी वरच घातली आहे. खालून हवं तेवढं कापा.